चुकीचे वाचन

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या विभागातील दोन विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकांची सूची करण्याचे काम अंगावर घेतले होते. लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव, वाङ्मयप्रकार, वर्ष, पृष्ठे अशा नोंदी ते रोज ग्रंथालयात बसून संगणकात भरत होते. त्यासाठी लागणारे छोटेसे संकेतस्थळ मी स्वतः, जँगो नावाचे वेब फ्रेमवर्क शिकत शिकत, उभे करत होते. सुट्टी संपण्याच्या आदल्या रात्री मी त्या सगळ्या नोंदी स्वतःच्या हाताने पुसून टाकल्या. हेतू अर्थातच तसा नव्हता. पडद्यावर एक एरर आली होती. ती मी नीट वाचली नाही आणि आंतरजालावर कुणा अनोळखी माणसाने सुचवलेला उपाय मात्र अक्षरशः अमलात आणला. ही चूक तंत्राची कमी आणि वाचनाची अधिक होती, हे ध्यानात यायला मला पुढे बरेच दिवस लागले. आयुष्यभर 'वाचन' हाच विषय शिकवणाऱ्या व्यक्तीच्या हातून ती घडली, म्हणून तिची चर्चा साहित्याच्या अभ्यासकांपुढे करावीशी वाटते.

हा खटाटोप मुळात का केला, असे कुणी विचारील. आमच्या विभागाची एक सूची याआधीही झाली होती. ती करून देणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीने संकेतस्थळ बांधले, वार्षिक शुल्क दोन वर्षे भरले गेले, तिसऱ्या वर्षी भरायचे राहिले आणि संकेतस्थळ नाहीसे झाले. मूळ नोंदींची प्रत आमच्यापाशी नव्हती, कारण ती मागायची असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते. शं. गो. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ साली छापून झाली. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांचा तो लेखाजोखा आजही कपाटातून काढून उघडता येतो. आमची सूची मात्र दोन वर्षे जगली. त्यानंतर ठरवले, की निदान दुरुस्त करता येईल इतके तरी हे काम आपल्या हाती असावे.

जँगोची निवड करताना फार विचार केला नव्हता. मात्र त्याची जन्मकथा कळल्यावर निवड योग्य वाटली. अमेरिकेतील कॅन्ससमध्ये लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी २००३ साली हे काम आरंभले आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. वृत्तपत्राची मुदत पाळत, मजकुराची मांडणी आणि सूची भराभर करता यावी ही त्यामागची गरज. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. १९२८ साली आगीत भाजल्यामुळे त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर त्याने आपली वादनशैली घडवली. मजकूर, वृत्तपत्र आणि अपुऱ्या बोटांनी वाजवणारा कलावंत असा हा सगळा गोतावळा मराठीच्या प्राध्यापिकेला परका वाटण्याचे कारण नव्हते.

तरीही आठवड्याभरात मी पुस्तक मिटण्याच्या बेताला आले होते. माझ्या वैतागाची जी कारणे तेव्हा मला वाटत होती, ती अशी: आपले गणित कच्चे आहे, आपले वय झाले आहे, हे सारे इंग्रजीत आहे. आज मागे वळून पाहता यांतले एकही कारण खरे नव्हते, असे म्हणता येईल. गणिताचा संबंध क्वचितच आला. वयाचा संबंध फक्त चष्म्यापुरता आला. आणि इंग्रजी म्हणाल, तर एररमधील इंग्रजी अकरावीच्या विद्यार्थ्यालाही कळावे इतके साधे असते. खरी अडचण अशी होती, की मी ते वाचतच नव्हते. तांबड्या अक्षरांचा मजकूर दिसला की मी त्याचा 'भावार्थ' घेत होते, आणि प्रत्येक वेळी तो एकच निघत असे: काहीतरी बिघडले आहे, आणि ते तू बिघडवले आहेस.

फ्रेमवर्क ही समस्यापूर्ती

फ्रेमवर्क म्हणजे चौकट, एवढा शब्दार्थ पुरेसा नाही. साध्या प्रोग्रॅममध्ये कर्ता आपण असतो; आपण सांगू त्या क्रमाने संगणक काम करतो. फ्रेमवर्कमध्ये नियंत्रण चौकटीकडे असते आणि ती योग्य वेळी आपण लिहिलेला तुकडा बोलावते. आपल्याकडील समस्यापूर्तीची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच उमजेल. शेवटचा चरण दुसऱ्याचा, वृत्त ठरलेले. आपण उरलेले चरण असे रचायचे की ते तिथे जाऊन बसावेत. त्यात मोकळीक कमी, पण अर्धे काम आधीच झालेले. जँगोमध्ये तीन जागा मुख्यतः भरायच्या असतात. 'मॉडेल' म्हणजे नोंदीचे स्वरूप, 'व्ह्यू' म्हणजे कोणत्या मागणीला काय द्यायचे याचा निर्णय, आणि 'टेम्प्लेट' म्हणजे ते पडद्यावर कसे दिसावे याचा साचा. यांतला 'व्ह्यू' हा शब्द नवशिक्याला हमखास चकवतो, कारण दिसण्याचे काम टेम्प्लेटकडे आहे आणि व्ह्यूकडे निर्णयाचे. पण एकच संज्ञा दोन संप्रदायांत दोन अर्थांनी वावरते, हे आपल्याला नवीन नाही. साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाने त्यावरून अडून बसू नये.

दुसऱ्याच्या चौकटीत लिहिताना चूक झाली, की ती कुठे झाली हे कळणे अवघड जाते. कारण एका पानामागे एकाच वेळी चार-पाच आवाज बोलत असतात: पायथन ही भाषा, जँगो हे फ्रेमवर्क, डेटाबेस, टेम्प्लेटची वेगळी छोटी भाषा आणि ब्राउझर. कादंबरी शिकवताना आपण पहिला प्रश्न विचारतो, की हे कोण बोलते आहे? निवेदक, पात्र की लेखक? एररलाही हाच प्रश्न आधी विचारावा. ओळीची सुरुवात समासापासून चुकीच्या अंतरावर झाली, अशी तक्रार असेल तर बोलणारा पायथन आहे. जँगोची पुस्तके चाळण्यात अर्थ नाही. 'नो सच टेबल' असे शब्द असतील तर ते डेटाबेसचे. पान दिसते आहे पण रंग-मांडणी गेली आहे, तर ब्राउझरला शैलीची फाईल मिळालेली नाही. संकेतस्थळ लोकांसाठी खुले करताना 'डीबग' ही खूण बंद केली, की शिकतानाचा छोटा सर्व्हर या फायली देणे मुद्दाम थांबवतो, हे माहीत नसल्याने शेवटच्या टप्प्यावर कित्येकांना धक्का बसतो. बोलणारा ओळखला की निम्मा वैताग संपतो.

खालून वर वाचावयाची संहिता

पायथनची लांबलचक एरर 'ट्रेसबॅक' या नावाने ओळखली जाते. तिच्या पहिल्याच ओळीत ती कशी वाचायची याची सूचना असते: सर्वांत अलीकडची हाक सर्वांत शेवटी. म्हणजे मूळ तक्रार तळाशी आहे आणि वरचा सारा मजकूर म्हणजे तिथवर पोचण्याची वाट आहे. मी मात्र वरून सुरुवात करून दहाव्या ओळीला दमत असे. शिस्त अशी हवी: प्रथम शेवटची ओळ शब्दशः वाचावी. मग खालून वर जात, आपण स्वतः लिहिलेल्या फाईलचे नाव जिथे प्रथम येते तिथे थांबावे. मधली पाने बहुधा जँगोच्या स्वतःच्या फायलींची असतात आणि त्यांत दोष असण्याची शक्यता अगदी कमी. हस्तलिखितात लेखनिकाचा हात आणि मूळ कर्त्याचा हात वेगळा ओळखावा, तसे हे काम आहे. फरक इतकाच, की येथे दोषी हात जवळजवळ नेहमी आपलाच निघतो.

टेम्प्लेट सापडत नाही अशी एरर घ्या. नवशिक्याला ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच भेटते. तिच्या पानावर खाली 'पोस्टमॉर्टेम' असा चक्क एक विभाग असतो आणि जँगोने ती फाईल कुठकुठे शोधली त्या प्रत्येक जागेची यादी त्यात दिलेली असते. ती यादी आणि आपण फाईल ठेवलेली जागा शेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहिली, की बहुतेक वेळा फोल्डरच्या नावातला एखादा 'एस' गळालेला दिसतो. आपल्या विभागाचे फोल्डर यादीत आलेच नसेल, तर त्या विभागाचे नाव मुख्य 'सेटिंग्ज'मध्ये नोंदवायचे राहिले आहे, असा अर्थ. म्हणजे उत्तर प्रश्नाच्याच पानावर छापलेले असते. मी मात्र तीन संध्याकाळी ते बाहेर शोधत होते.

अर्ज भरून पाठवताना '४०३' असा आकडा आणि सीएसआरएफ ही अक्षरे दिसली, की पुष्कळांना वाटते आपल्याला कुणी बंदी घातली. प्रकार साधा आहे. पर्यवेक्षकाच्या सहीविना उत्तरपत्रिका स्वीकारत नाहीत, तसे आपल्याच पानावरून निघाल्याची खूण नसलेला अर्ज जँगो स्वीकारत नाही. ती खूण टेम्प्लेटमधील अर्जात एका ओळीने घालावी लागते. दुसऱ्या कुणा संकेतस्थळाने आपल्या नावे अर्ज घुसवू नये यासाठी ही सोय आहे. काही सल्लागार ही तपासणीच बंद करा असे सुचवतात. सही तपासायला नको म्हणून पर्यवेक्षकालाच घरी पाठवण्यातला हा प्रकार आहे.

त्या रात्रीची एरर

आता माझ्या चुकीकडे वळते. जुन्या अंकांत विद्यार्थी टोपणनावाने लिहीत. म्हणून त्या रात्री मी नोंदीच्या मॉडेलमध्ये 'टोपणनाव' हा एक रकाना वाढवला. जँगोमध्ये अशा बदलाचे दोन टप्पे असतात. 'मेकमायग्रेशन्स' या आज्ञेने बदलाचा मसुदा लिहिला जातो आणि 'मायग्रेट' या आज्ञेने तो डेटाबेसवर लागू होतो. अभ्यासमंडळात ठराव लिहिणे आणि तो प्रत्यक्ष अभ्यासक्रमात येणे यांतले अंतर आपण सर्वच जाणतो. मी पहिली आज्ञा दिली आणि दुसरी विसरले. नोंदींचे पान उघडताच एरर आली, 'नो सच कॉलम', आणि पुढे माझ्याच नव्या रकान्याचे नाव. म्हणजे असा रकाना डेटाबेसमध्ये नाही. इतके स्वच्छ, इतके खरे वाक्य त्या आठवड्यात मला दुसऱ्या कुणी सांगितले नसेल. मी त्याचा भावार्थ घेतला: डेटाबेस बिघडला.

मग शोध सुरू झाला. मिळालेला सल्ला असा होता, की डेटाबेसची फाईल पुसून टाका आणि सगळे नव्याने सुरू करा. हा सल्ला खोटा नाही. रिकाम्या डेटाबेसशी खेळणाऱ्या शिकाऊ माणसासाठी तो सोयीचाही आहे. पण तो ज्या संदर्भात दिला गेला तो माझा संदर्भ नव्हता. संदर्भ सोडून वाक्य उचलू नये हे मी पंधरा वर्षे वर्गात सांगत आले आहे. रात्री साडेअकराला मी ती फाईल पुसली, आज्ञा दिली आणि पान लगेच उघडले. एरर गेली होती. नोंदीही गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांना हे सांगणे भाग होते. एकजण काही बोलला नाही. पुढे तो या कामाकडे फिरकलाही नाही आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही. दुसरी म्हणाली, "मॅडम, माझ्या वहीत निम्म्या नोंदी आहेत. मी हाताने उतरवून मग भरत होते." तिला कुणी तसे सांगितले नव्हते. संगणकावर तिचा माझ्याइतका विश्वास नव्हता, एवढेच. तेव्हापासून प्रत्येक बदलाआधी डेटाबेसच्या फाईलची एक प्रत तारीख घालून वेगळी ठेवण्याचा नियम मी केला आहे. याला दहा सेकंद लागतात. शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या धड्याआधी हे शिकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाठभेद

वैतागाचे आणखी एक कारण साहित्याच्या माणसाला सर्वांत लवकर कळायला हवे आणि नेमके तेच मला उशिरा कळले. ते म्हणजे आवृत्ती. जँगोची नवी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी येते. २०१४ च्या १.७ आवृत्तीत मायग्रेशनची सोय अंगभूत झाली. त्याआधी ती वेगळी जोडावी लागे. डिसेंबर २०१७ च्या २.० आवृत्तीत पत्ते लिहिण्याची नवी, सोपी रीत आली. त्याच आवृत्तीपासून एका नोंदीचा दुसरीशी संबंध जोडताना, मूळ नोंद पुसली तर जोडलेलीचे काय करायचे, हे सांगणे सक्तीचे झाले. डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये पत्ते लिहिण्याची एक जुनी रीत काढून टाकली गेली. डिसेंबर २०२३ च्या ५.० पासून साध्या दुव्यावर टिचकी मारून 'लॉग आउट' होता येत नाही. त्यासाठी अर्जाचे बटण लागते. जालावरचे धडे मात्र सर्व काळांतले एकाच वेळी उपलब्ध आहेत आणि शोधयंत्र त्यांना कालक्रम लावून देत नाही. परिणामी विद्यार्थी धड्यातील ओळ तंतोतंत उतरवतो, ती चालत नाही, आणि तो स्वतःला मठ्ठ समजू लागतो. धडा जुन्या संहितेवरचा आहे एवढाच त्याचा अर्थ असतो.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण हातोहात नकलून पाठ बिघडले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये संपले, तेही प्रतींची तुलना करतच. या परंपरेत वाढलेल्या माणसाने कोणताही धडा हाती घेताना पहिला प्रश्न 'ही प्रत कोणत्या काळची?' हाच विचारला पाहिजे. आपल्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे ते एका आज्ञेने कळते. जँगोच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या पानावर आवृत्ती निवडण्याची सोय आहे. दोन्ही जुळवून घेतल्या की निष्कारण वैताग मोठ्या प्रमाणात कमी होतो.

ज्या चुकांना एरर नाही

येथवरच्या चुका बोलक्या होत्या. खरी काळजी मुक्या चुकांची. कारण त्या आपल्या भाषेच्या आहेत.

लेखाच्या शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवण्यासाठी जँगोमध्ये 'स्लगिफाय' नावाची सोय आहे. तिला 'मराठी' हा शब्द दिला, तर काहीच उरत नाही. रोमन लिपीबाहेरची अक्षरे ती टाकून देते. डिसेंबर २०१५ च्या १.९ आवृत्तीत इतर लिपी राखण्याचा पर्याय आला. तो लावून पाहिला, तर उत्तर आले 'मरठ'. 'कविता' दिले, तर 'कवत'. पायथनच्या लेखी अक्षर म्हणजे मूळ वर्ण. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पायमोड ही 'अक्षरे' नव्हेत, म्हणून ती गाळली जातात. आमच्या सूचीत 'काल' नावाची कथा होती आणि 'कला' नावाचा निबंध. दोघांचा पत्ता 'कल' झाला आणि डेटाबेसने दुसरी नोंद घेण्यास नकार दिला. तेव्हा कुठे हे लक्षात आले. शेवटी शीर्षकाचा नाद सोडून पत्त्यात नोंदीचा क्रमांकच वापरला, आणि तोच मार्ग मी इतरांनाही सुचवीन.

अकारविल्हे यादीचेही असेच. यादी लावताना संगणक युनिकोडमधला क्रम पाहतो. तिथे 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. 'क्ष'ने सुरू होणारी शीर्षके शेवटी न जाता 'क'च्या पोटात जातात. कुठेही एरर येत नाही. यादी नीट लागल्यासारखी दिसते आणि शोधणाऱ्याला हवे ते मिळत नाही. मराठी क्रम मागण्याची सोय पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये आहे, पण ती कुणीतरी मागावी लागते. 'क्षेत्र' हा शब्द आपण दोन अक्षरी म्हणतो. संगणक त्याची खूणसंख्या सात मोजतो. म्हणून शीर्षकाला पन्नास अक्षरांची मर्यादा घातली, तर साधे मराठी शीर्षकही 'लांब' ठरते. 'दऱ्या' या शब्दातला अर्धा 'र' दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने टंकलेले सापडत नाही. डोळ्यांना न दिसणारा हा पाठभेदच आहे. दोन माणसे नोंदी भरत असतील, तर दोघांनी एकच कळफलक वापरावा हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. उलट, १९६८ हे वर्ष देवनागरी अंकांत दिले तर पायथन ते बिनतक्रार संख्या म्हणून ओळखतो. त्या संध्याकाळी मला उगीचच बरे वाटले होते.

सांगायचा मुद्दा हा, की 'कवत' ही चूक आहे हे मराठी न वाचणाऱ्या कुशल अभियंत्याला दिसणार नाही. त्याच्या दृष्टीने प्रोग्रॅम चालला. ती दिसण्यासाठी 'ळ' कुठे बसतो याची ज्याला फिकीर आहे असा माणूस त्या जागी हवा. तो आपल्यापैकीच असणार.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप सहकाऱ्यांचा आहे: हे काम संगणक विभागाचे, प्रत्येकाने आपले काम करावे. श्रमविभागणी मला मान्य आहे. सगळ्यांनी संकेतस्थळे बांधावीत असे माझे म्हणणे नाही. पण मुद्रणाच्या काळात प्रुफे वाचण्याचे काम आपण परके मानले नव्हते. खिळे जुळवता न येणाऱ्या लेखकालाही खुणा ठाऊक असत, आणि म्हणून जुळाऱ्याशी त्याला बोलता येई. आज तितकी तरी ओळख हवी. आमची पहिली सूची गेली ती आम्हांला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता म्हणून नव्हे. काय मागावे हे विचारता येत नव्हते म्हणून.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला एरर चिकटवली की उपाय मिळतो, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? ही साधने मीही वापरते आणि त्यांनी माझे पुष्कळ कष्ट वाचवले आहेत. पण त्यांचे उत्तर हीसुद्धा एक संहिताच असते आणि तिच्यात कधी कधी जुन्या आवृत्तीतील रचना नव्या रचनेशेजारी बिनदिक्कत येऊन बसते. जिला मूळ एरर वाचता येत नाही, तिला हा उपायही वाचता येणार नाही. ती फक्त आज्ञा पाळील. मी त्या रात्री हेच केले होते. सल्ला माणसाने दिला की यंत्राने, यामुळे पुसलेल्या फाईलला काही फरक पडत नाही.

या साऱ्यातून माझ्या वर्गात एक छोटा बदल झाला आहे. पूर्वी उत्तरपत्रिकेत चुकीच्या विधानाखाली मी तांबडी रेघ ओढून पुढे जात असे. ती रेघ म्हणजेही एक एररच होती, पण वाईट लिहिलेली: काहीतरी बिघडले आहे आणि ते तू बिघडवले आहेस, एवढेच ती सांगे. कुठे शोधले, काय सापडले नाही, कोणत्या ओळीपासून वाट चुकली, हे ती सांगत नसे. विद्यार्थी मग तिचा भावार्थ घेऊन गाईड गाठत, म्हणजे मी गाठले तसेच. आता मी समासात निदान एक वाक्य पूर्ण लिहिते. त्यात वेळ जातो, गठ्ठे रेंगाळतात, आणि प्रत्येक वेळी ते साधतेच असेही नाही.

सूचीचे काम अजून चालू आहे. वहीतल्या निम्म्या नोंदी परत भरून झाल्या. उरलेल्यांसाठी पुन्हा अंक काढावे लागले, आणि 'टोपणनाव' हा रकाना या वेळी पहिल्यापासून आहे. ती विद्यार्थिनी अजूनही आधी वहीत उतरवते आणि मग संगणकात भरते. मी तिला आता तसे करू नकोस असे सांगत नाही.